घाटातल्या नऊ ओळी

तनुजा डॉक्टर दात काढते तेव्हा म्हणे पेशंटला कळतसुद्धा नाही. ती गाडी चालवते तेव्हा मात्र शेजारी बसलेल्याला सगळं कळतं. दौलताबाद मागं पडलं, घाट सुरू झाला आणि पहिल्याच वळणावर माझा डावा हात दाराच्या वरच्या कड्याला जाऊन चिकटला. दुसऱ्या वळणावर पेन खाली पडलं आणि उजव्या हातानं सीटची कड धरली. मांडीवर रजिस्टर होतं, समोर तीन मीटर होते, आणि दर अर्ध्या किलोमीटरला त्या मीटरांवरचे आकडे मला लिहायचे होते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत अकरा ओळी.

"काका, ठीक आहात ना?" तिनं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"एकदम," मी म्हणालो आणि डोळे मिटून घेतले.

माझं वय त्रेसष्ट. वाळूजच्या एका कंपनीत एकतीस वर्षं कॉम्प्रेसर रूमला होतो. दर तासाला मीटर बघायचे, हवेचं तापमान आणि दाब लॉगबुकात चढवायचा, खाली सही करायची. निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं की सर्जेरावांच्या लॉगबुकात एकतीस वर्षांत एक कोरा चौकोन सापडणार नाही. ते खरंच होतं. त्या वाक्यावर मी पुढची पाच वर्षं नातेवाइकांत बरीच मिरवलो.

त्या मिरवण्यामुळंच माझा भाचा सुदर्शन मला त्याच्या उस्मानपुऱ्यातल्या गॅरेजवर घेऊन गेला. सुदर्शन गाड्यांची ताकद वाढवून देतो. दिवसातून चाळीसएक वेळा तो "सेट आहे मामा" म्हणतो आणि त्यातल्या तीसएक वेळा काहीही सेट नसतं, ही नोंद माझी. तनुजा डॉक्टरला टेकडी चढायच्या शर्यतीत उतरायचं होतं, म्हणून तिच्या जुन्या लाल हॅचबॅकला त्यानं एका मोडीत निघालेल्या परदेशी गाडीचा सुपरचार्जर बसवला होता.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा लहानसा कॉम्प्रेसर. इंजिन आपल्या दमानं जेवढी हवा ओढतं, त्याहून जास्त हवा तो आत कोंबतो. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पण कोंबलेली हवा तापते. सायकलला पंप मारताना खालचं टोक हाताला चटका देतं, तसंच. आणि तापलेली हवा सिलिंडरात शिरली की पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपल्या मर्जीनं पेटतं. आतून कुणी हातोडी मारल्यासारखं इंजिन वाजायला लागतं. तरीही दामटलं तर पिस्टन वितळतो. म्हणून ही हवा इंजिनात जायच्या आधी निवावी लागते, आणि त्यासाठी मध्ये इंटरकूलर लागतो.

इंटरकूलर मोहियोद्दीनभाईंनी बनवला होता. रोशन गेटजवळ त्यांचं रेडिएटरचं दुकान आहे. ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर, सगळ्यांची रेडिएटरं त्यांच्याकडं येतात. इंटरकूलर मात्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केला, तोही वयाच्या सासष्टाव्या वर्षी. तांब्याच्या नळ्यांची एक पेटी. बाहेरून हवा जाणार, आतून पाणी फिरणार, आणि ते पाणी गाडीच्या नाकाशी बसवलेल्या छोट्या रेडिएटरात जाऊन निवून परत येणार. एकवीस दिवस खपले. मोहियोद्दीनभाई एका वाक्यात मावणारी गोष्ट तीन कप चहात सांगतात, पण तिसऱ्या कपाला जे सांगतात ते चुकल्याचं मी अजून बघितलेलं नाही.

तिसऱ्या कपाला ते म्हणाले होते, "सुदर्शन, आगे के रेडिएटर को पंखा लगा."

"चाचा, पंखा लावला तर रेडिएटर मागं घ्यावं लागतं. बंपर कापावा लागतो. डॉक्टर माझेच दात काढील."

"बंपर कटा तो कटा रे. सपाट रोड पे हवा मिलती. चढावर गाडी दुसऱ्या गिअरला रेंगती, हवा किधर से आती? पानीच गरम हो गया तो हवाकू क्या थंडा करेंगा?"

"ह्ये मे महिन्याचं तुम्हाला सगळंच गरम वाटायलंय. मामा, तुम्ही सांगा."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. कंपनीत असा प्रसंग आला की मी एक वाक्य टाकायचो आणि ते कधी वाया गेलं नव्हतं. तेच टाकलं: "आकडे घेऊ. आकडे सांगतील."

मोहियोद्दीनभाईंनी मान हलवली. "हौ, ये बराबर. मीटर झूट नै बोलता."

तर ठरलं असं. खुलताबादच्या घाटात भर दुपारी गाडी चढवायची. तीन मीटर माझ्यासमोरच्या कप्प्यावर चिकटवले, म्हणजे चालवणाऱ्याचं लक्ष जाऊ नये. पहिला सुपरचार्जरच्या आधीच्या हवेचा, दुसरा सुपरचार्जरमधून निघालेल्या हवेचा, तिसरा इंटरकूलरमधून निघून इंजिनात शिरणाऱ्या हवेचा. मतलबाचा तो तिसरा. इंजिनच्या कंट्रोलरला हे तापमान स्वतःहून कळवणारा सेन्सर कुरियरमध्ये कुठंतरी अडकला होता. तो येईपर्यंत ठिणगी कधी टाकायची हे सुदर्शन हातानं बसवणार होता, आणि ते माझ्या रजिस्टरवरून.

निघताना तो खिडकीशी वाकून म्हणाला, "मामा, तिसरा साठच्या आत राहिला ना, तर पंखाबिंखा काय नको. सरळ छोटी पुली लावू, सुपरचार्जर अजून जोरात फिरवू, हवा अजून कोंबू. सेट."

म्हणजे कोणता आकडा हवा आहे ते मला गॅरेजच्या दारातच कळलेलं होतं.

पायथ्याची ओळ मी खरी लिहिली. अठ्ठेचाळीस, शहाण्णव, बावन्न. अर्ध्या किलोमीटरची ओळही खरी. तिसरा मीटर पंचावन्न. त्यानंतर ते वळण आलं आणि पुढचं मी सांगितलंच. डोळे मिटल्यावर वेग जास्त वाटतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मध्ये कुठंतरी समोरून बस आली, डॉक्टरनं हॉर्नवर हात ठेवला आणि मी डोळे किलकिले केले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला. तिसऱ्या मीटरवर पहिला आकडा सात दिसला. मी स्वतःशी ठरवलं की तो पाच असणार. चष्मा वर सरकवायला हात मोकळा नव्हता, आणि खरं सांगायचं तर सरकवायची इच्छाही नव्हती.

माथ्यावर पोचताच तिनं गाडी लिंबाच्या सावलीला लावली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. तिन्ही मीटर विझले.

"काय चढली ना काका! दुसऱ्या गिअरला काय खेचते बघितलं का?" ती बाटली घेऊन खाली उतरली.

मी सीटखालून पेन शोधलं. रजिस्टरात दोन ओळी भरलेल्या आणि नऊ रिकाम्या. "डॉक्टर, मी घाबरलो होतो, आपण पुन्हा एकदा हळू चढू" एवढंच म्हणायचं होतं. पोरीच्या वयाच्या बाईला. मी खाली उतरलो, कठड्यावर बसलो आणि लिहायला लागलो.

हात असा चालला की मलाच नवल वाटलं. छप्पन. सत्तावन्न. परत छप्पन, कारण आकडे सरळ चढत गेले की साहेबाला संशय येतो. एका ओळीत दुसरा मीटर एकशे चार केला, मग त्यावर रेघ मारून एकशे दोन लिहिला. खोडाखोड असली की कागद खरा वाटतो. सगळ्यात वरची ओळ अठ्ठावन्न. साठच्या आत, पण साठला टेकून नाही. नऊ ओळी, सत्तावीस आकडे, चार मिनिटं.

"अजून काय लिहिताय?" ती पाणी पीत जवळ आली.

"फेअर करतोय," मी म्हणालो.

कंपनीत आम्ही यालाच फेअर करणं म्हणायचो. पाळी आठ तासांची, नोंदी आठ. पहिल्या दोन-तीन बघून लिहायच्या, आणि पाळी सुटायच्या आधी चहा घेऊन बाकीच्या एका बैठकीत उतरवायच्या. सगळेच तसं करत. मशीन चांगलं होतं, आकडे रोज तेच असत, आणि ऑडिटरला भरलेला चौकोन लागतो. एकतीस वर्षांत काही बिघडलं नाही, म्हणून मला ही लबाडी वाटलीच नाही. मी तिला शिस्त समजत होतो.

सुदर्शननं रजिस्टर बघितलं आणि कपाळाला लावलं. "मामा, तुम्ही सोनं हायत. अठ्ठावन्न! चाचा, या इकडं, बघा तुमच्या इंटरकूलरची करामत."

मोहियोद्दीनभाईंनी चष्मा लावून एकेक ओळ बोटानं वाचली. त्यांना आनंद व्हायला हवा होता. काम त्यांचंच होतं. ते म्हणाले, "अठ्ठावन? चढावर?"

"मामांनी लिवलंय."

"तो बराबर होयेंगा." त्यांनी रजिस्टर मिटलं. "मेरा अंदाजा गलत निकल्या. पंखा नक्को फिर."

त्यांचं चाळीस वर्षांचं डोकं माझ्या चार मिनिटांपुढं असं गप बसलं. मी चहाचे कप गोळा करायला उठलो, एरवी जे मी कधीच करत नाही.

सुदर्शननं छोटी पुली लावली. ठिणगीही थोडी अलीकडं आणली, कारण हवा थंड आहे असं कागद म्हणत होता. सेन्सर आलाच नाही.

शर्यत वैजापूर रस्त्याच्या बाजूला बंद पडलेल्या खडी क्रशरच्या टेकडीवर होती. तीन किलोमीटरचा चढ, एका वेळी एकच गाडी. डॉक्टरनं दोन महिने रविवारचा दवाखाना बंद ठेवून सराव केला होता. तिचा नंबर आला तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि दगडावर हात ठेवता येत नव्हता. पहिला किलोमीटर तिनं असा मारला की घोषणा करणाऱ्याचा आवाज चिरकला. दुसऱ्या किलोमीटरला इंजिनचा आवाज बदलला. मला तो लांबून कळला. हेल्मेटमध्ये तिला कळला नसणार. मग निळा धूर, आणि गाडी कडेला.

संध्याकाळी गॅरेजमध्ये इंजिनचं हेड उघडलं. तिसऱ्या पिस्टनला करंगळी जाईल एवढं भोक.

"हवा तापली," सुदर्शन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "पण का तापली? घाटात तर अठ्ठावन्नच होती. पुली लहान केली तरी पाच-सात डिग्रीनं वाढंल, ह्याच्यापुढं नाय. म्हंजी मधल्या मधी इंटरकूलरच गेला. आतून चोकअप झाला असंल, नायतर सोल्डर सुटलं असंल."

डॉक्टर स्टुलावर बसली होती. केस घामानं चिकटलेले. ती म्हणाली, "काकांच्या आकड्यांवर तर शंकाच नाही. मी बघितलंय ना, वर पोचल्यावरसुद्धा किती मन लावून लिहीत होते."

सुदर्शन माझ्याकडं वळला. "मामा, इंटरकूलरच ना?"

त्या वेळी माझ्या हातात सगळं होतं. दोन शब्द पुरले असते. मी दोनच शब्द बोललो.

"असू शकतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदर्शन बन्सीशेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गॅस्केट आणायला गेला. उस्मानपुऱ्यातले निम्मे मिस्त्री सकाळी दहाला त्या काउंटरवर असतात. घ्यायचं काही नसलं तरी असतात. तिथं तो बोलला की चाचाचं काम आता पयल्यासारखं राह्यलं नाय, इंटरकूलर बसला आणि इंजिन गेलं. रागात बोलला. पण काउंटरवरचं बोलणं रागात आहे की शांतपणे, हे कुणी बघत नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत मोहियोद्दीनभाईंच्या दुकानातून दोन रेडिएटरं परत गेली. एक जनरेटरवाल्याचं आणि एक रामकिसन नावाच्या ट्रॅक्टरवाल्याचं. रामकिसन उघडच म्हणाला म्हणे, "चाचा, मोतीबिंदूचं आपरेशन झाल्यापासून तुमचं काम कच्चं व्हायलंय असं ऐकलं."

हे मला चौथ्या दिवशी कळलं. सहाव्या दिवशी मोहियोद्दीनभाईंचा फोन आला. "सर्जेरावभाई, जरा दुकानावर या ना. तुम्ही कंपनीचे माणूस, कूलर लई बघितलेत. मेरेकू मेरी गलती मिलती नै."

मी गेलो. इंटरकूलर त्यांनी गाडीतून आधीच काढून आणला होता आणि दुकानाच्या फरशीवर पोत्यावर ठेवला होता. मला वाटलं पाणी भरून दाब देऊन तपासतील. त्यांच्या हातात करवत होती.

"अहो, दाब देऊन बघा आधी," मी म्हणालो.

"दिया. तीन बार दिया. लीक नै. मतलब खोट अंदर है." त्यांनी एक पाय पेटीवर ठेवला आणि पात्याची पहिली ओढ मारली.

एकवीस दिवसांचं काम होतं ते. तांब्याला करवत लागली की जो आवाज येतो तो मी कंपनीत हजार वेळा ऐकला असेल. त्या दिवशी दातांत शिरला. त्यांनी घाई केली नाही. एक बाजू कापली, मग पेटी फिरवून दुसरी. झाकण सुटलं. त्यांनी बॅटरी पेटवून माझ्या हातात दिली आणि आपण गुडघ्यावर बसले.

नळ्या आतून लखलखीत होत्या. प्रत्येक सांध्यावर सोल्डरची एकसारखी बारीक कड. सत्तर नळ्या, एकशे चाळीस सांधे, एकही खोटा नाही. चोकअप तर सोडाच, साधा डागही नव्हता.

ते बराच वेळ बघत राहिले. मग एका सांध्यावर नख फिरवत म्हणाले, "ये देखो, ये जरा मोटा लग्या. ह्याच्यामुळं असंल का?"

"नाही."

"फिर ये?"

"नाही हो."

"तो फिर मेरेकू दिखताच नै होयेंगा." ते मागं टेकले. "सर्जेरावभाई, एक बात बोलूं? ट्रक का काम तो अंधेरे में भी कर लेता मैं. ये बारीक काम मैं पयली बार लिया. लालच हुआ. सोचा, इस उमर में कुछ नया करके दिखाता. अब्बा होते तो बोलते, तेरेकू कायकू पाहिजे होतं हे."

बॅटरी अजून माझ्या हातात होती. मी ती विझवली.

"मोहियोद्दीनभाई, खोट ह्याच्यात नाही. ते घाटातले आकडे मी बघून लिहिले नाहीत."

त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. वळण, मिटलेले डोळे, कठडा, नऊ ओळी. तो सात दिसलेला आकडाही सांगितला. तो सांगितला नसता तरी चाललं असतं असं एकदा मनात येऊन गेलं, हेही लिहून ठेवतो.

"मतलब पंखा…"

"पंखा लागणारच होता. तुमचंच बरोबर होतं."

त्यांनी कापलेलं झाकण उचललं आणि पेटीवर परत ठेवून बघितलं. बसलं नाही, करवतीनं दोन सूत खाल्लं होतं. त्यांनी ते पुन्हा खाली ठेवलं.

"हे कापायच्या आधी बोलला असता तर?" एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"चुकलं माझं. माफ करा."

"मेरेकू कायकू बोलते?" त्यांनी पोत्यावरचा तांब्याचा भुसा हातानं गोळा करायला घेतला. "मेरेकू तो अब मालूम पड गया. नाम मेरा इस दुकान में नै गया ना सर्जेरावभाई. बन्सीशेठ के काउंटर पे गया. वहां बोलो. सुबे दस बजे, सब रहते तब. मैं भी आता."

"आधी सुदर्शनला एकट्याला सांगतो, मग तो…"

"एकट्याला नक्को."

रात्रभर मी वाक्यं जुळवली. घाट, वय, चष्मा अशी पुढं-मागं लावून बघितली. कशीही लावली तरी त्यांत मी बराच गरीब बिचारा दिसत होतो. सकाळी ती सगळी टाकून दिली.

दहाला काउंटरवर सात जण होते. बन्सीशेठ पलीकडं, सुदर्शन कोपऱ्यात नवा पिस्टन हातात फिरवत, रामकिसन ट्रॅक्टरच्या फिल्टरसाठी आलेला, बाकी मिस्त्री. मोहियोद्दीनभाई फुटपाथवर उभे राहिले. आत आले नाहीत.

"या सर्जेराव मामा," बन्सीशेठ म्हणाले. "भाच्याचं इंजिन कुठवर आलं?"

"तेच सांगायला आलोय. इंजिन माझ्यामुळं गेलं. घाटातली नोंद मी खोटी लिहिली. दोन ओळी बघून लिहिल्या, नऊ मनानं."

सुदर्शनच्या हातातला पिस्टन फिरायचा थांबला. "मामा, काय बोलायलात?"

"घाबरलो होतो. डोळे मिटून बसलो होतो. वर गेल्यावर बसून आकडे भरले."

मग बन्सीशेठ हसले, आणि ते हसल्यावर बाकीचेही. लांब मिशीचा एक मिस्त्री तर काउंटरवर थाप मारून हसला. "डॉक्टरनीच्या गाडीत डोळे मिटून! मामा, आमी तर ॲडव्हान्समदी तोंड उघडून बसलो असतो!"

"अन् नोंदीचं काय घेऊन बसलाय," दुसरा म्हणाला. "आमच्या कंपनीत मी आख्ख्या हप्त्याच्या शनवारी भरायचो. सगळेच भरतेत, मामा."

"व्हय की. लई मनाला लावून घेऊ नका," बन्सीशेठ म्हणाले. "चहा सांगू का?"

किती सोपं होतं. त्यांनी मला उचलून आपल्यात घेतलं होतं, आता फक्त हसायचं आणि चहा घ्यायचा. मी बाहेर बघितलं. मोहियोद्दीनभाई रस्त्याकडं तोंड करून उभे होते आणि हसणं त्यांना ऐकू येत होतं. गेलेल्या नावाबद्दल इथं अजून कुणी एक अक्षर बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"हसू नका," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला, माझाच मला परका वाटला. "मोहियोद्दीनभाईंचा इंटरकूलर नीट होता. काल त्यांनी तो माझ्यासमोर कापला. एकशे चाळीस सांधे मी बघितले, एकात खोट नाही. त्यांनी पंखा लावा म्हणून सांगितलं होतं, चढावर पाणी तापेल म्हणून. माझ्या खोट्या कागदानं त्यांना खोटं पाडलं. इंजिन गेल्यावर सुदर्शननं मला विचारलं, इंटरकूलरच ना, तेव्हा मी असू शकतं म्हणालो. तो इथं येऊन बोलला ते माझ्या शब्दावर. आणि मी सहा दिवस गप बसलो."

आता कुणी हसलं नाही. चहाचंही कुणी बोललं नाही. एक मिस्त्री खिळ्यांच्या खोक्यात काहीतरी शोधायला लागला. हसत होते तोवर मी त्यांच्यातला होतो. आता माझ्याकडं बघायचं कुठं हे त्यांना सुचेना. मान माझ्या खांद्यांत जात होती, ती मी वर धरून ठेवली.

"एकतीस वर्षं असंच केलं का मामा?" सुदर्शननं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बरंचसं."

त्यानं पिस्टन काउंटरवर ठेवला आणि माझ्या बाजूनं अंग चोरून बाहेर गेला. फुटपाथवर मोहियोद्दीनभाईंच्या समोर उभा राहिला. "चाचा, मी बी न बघता बोललो. तुमाला विचारलं सुदिक नाय."

"हौ. नै पूछा तू."

मागोमाग रामकिसनही बाहेर गेला, फिल्टर तसंच हातात. "चाचा, ते माझं रेडिएटर… आज आणून टाकू का?"

मोहियोद्दीनभाईंनी त्याच्याकडं नीट बघून घेतलं. "आज नै. आज सुदर्शन का काम है. नया बनाना है, पंखे के साथ. तू सोमवार को ला." मग जरा थांबून, "और पूछ के ला. मोतीबिंदू वाले से कराना है क्या, घर में पूछ के."

रामकिसननं मान खाली घातली. मीही दुकानाच्या पायरीवर आलो होतो.

"डॉक्टरला मी सांगतो," मी म्हणालो. "आत्ता जातो दवाखान्यात."

"जा," सुदर्शन म्हणाला, माझ्याकडं न बघता.

"आणि नवीन बनल्यावर घाटात आकडे घ्यायला…"

"मैं बैठूंगा," मोहियोद्दीनभाई म्हणाले. "पंखा मेरा, मीटर भी मैंच देखूंगा. तुम नक्को, सर्जेरावभाई."

त्यांनी ते दुष्टपणानं म्हटलं नाही. ट्रकचं रेडिएटर कुणी उचलायचं हे सांगावं तसं म्हटलं. मग ते आणि सुदर्शन बंपर किती कापावा लागेल यावर बोलत गॅरेजकडं निघाले. सुदर्शन हातानं मापं दाखवत होता.

डॉक्टरचा दवाखाना उलट्या बाजूला होता. मी तिकडं वळलो.